चिठ्ठीवर कोणाचं नाव

यवतमाळच्या आठवडी बाजारामागच्या गल्लीत रहमतची चक्की छत्तीस वर्षांपासून चालू होती, आणि छत्तीस वर्षांत तिथे एकाचं पीठ दुसऱ्याच्या डब्यात गेलं नव्हतं. कोणी विचारो न विचारो, रहमत हे सांगायचाच. काल ऐकून गेलेल्याला आज पुन्हा सांगायचा. आणि शेवटचं वाक्य ठरलेलं, "ज्या दिवशी कोनाचं पीठ कोनाच्या डब्यात जाईन ना, त्या दिवशी पट्टा उतरवून खुंटीले टांगून देईन." पट्टा म्हणजे मोटरीवरून चक्की फिरवणारा तो लांब पट्टा. तो उतरला की चक्की म्हणजे नुसते दोन दगड.

माणूस बढाईखोर होता का? होता थोडा. पण बढाई मारायला त्याच्याकडे कारण होतं, आणि तेवढं सगळ्यांकडे नसतं. रहमत दाणा ओळखायचा. गव्हाबद्दल तो फारसा बोलायचा नाही. गहू काय, कुठूनही येतो, म्हणायचा. ज्वारी मात्र चिमूटभर तळहातावर घ्यायची, अंगठ्याने फिरवायची, एक दाणा दाढेखाली धरायचा, की कोणत्या गावची, पावसात सापडलेली की कोरडी, कोठीत किती महिने पडलेली, सगळं सांगून मोकळा. प्रत्येक डब्यातली चिमूट तो आधी ओट्यावर चिमण्यांसाठी टाकायचा आणि टाकता टाकता बघून घ्यायचा. गिऱ्हाइकांना वाटे, पुण्य करतोय. पुण्य होतंच, पण त्यात तपासणीही होती.

गेल्या वर्षापासून मात्र थोडी गडबड व्हायला लागली होती. चष्मा कपाळावर आणि शोध घरभर, इथपर्यंत ठीक होतं. एकदा तो मोटर चालू ठेवूनच नमाजला गेला. त्या दिवसापासून इमरानने, म्हणजे त्याच्या मुलाने, एकच धोशा लावला, "अब्बा, बस हुआ. अब आराम करो." इमरान लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाला होता, पगार बरा होता, आणि बापाला बसून खाऊ घालायची त्याची खरंच इच्छा होती. रहमतला त्या आरामाचीच भीती वाटायची. आराम करणारी माणसं त्याने गल्लीत पाहिली होती. ती ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला वेळ विचारत, आणि वेळ कळल्यावर तिचं काय करायचं हे त्यांना माहीत नसे.

अशा वेळी सुरभी आली. सुरभी म्हणजे शेतकी शिकून आलेली पंचविशीतली मुलगी. नोकरी शोधायची सोडून तिने 'शेजारचं वावर' नावाचा गट काढला होता. पिकतं तिथं विकत नाही ही म्हण खोटी पाडायची, असा तिचा हट्ट. यवतमाळच्या माणसाने कुठून तरी आलेली पाकिटं फोडून खावीत आणि दहा कोसांवरच्या वावरातली तूर, ज्वारी, जवस कुठे जातं ते त्याला ठाऊक नसावं, याचा तिला मनापासून राग होता. रागही असा की ऐकणाऱ्याला आपणच काहीतरी चोरून खाल्ल्यासारखं वाटावं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी एका शाळेच्या मैदानावर तिचा बाजार भरे. तीस किलोमीटरच्या आत पिकलेलंच विकायचं, असा नियम. अंबाडीचं सरबत, जवसाची चटणी, गावरान टमाटे, सगळं तिथे मिळायचं, आणि गाड्या लावायला जागा मिळायची नाही.

फेब्रुवारीच्या बाजारात तिने भाकरीची स्पर्धा ठेवली. पाच बायका, पाच चुली. भाकर हाताची की दळणाची हा वाद नको म्हणून पाचही जणींची ज्वारी एकाच चक्कीत दळायची ठरलं, आणि ती चक्की रहमतची. 'आपल्या ज्वारीची आपली चक्की' असा फलकही तिने रंगवून घेतला होता. तो रविवारी सगळ्यांसमोर द्यायचा होता. "कायले खर्च करता बेटा," असं रहमत तोंडाने म्हणाला आणि दारावर जिथे फलक बसेल तिथलं जाळं त्याच दुपारी काढून टाकलं.

शुक्रवारी ज्वारी आली आणि इथेच घोळ झाला. डबे आलेच नाहीत. सुरभीच्या गटाने पाचही जणींना सारख्या कापडी पिशव्या दिल्या होत्या, हिरव्या अक्षरांच्या. गटाच्या पोरांनी घरोघरी जाऊन त्या गोळा केल्या होत्या आणि प्रत्येक पिशवीला दोऱ्याने नावाची चिठ्ठी बांधली होती. रहमतला डब्यांची सवय. डब्याला चेहरा असतो. कोणाचा कोपऱ्यात चेपलेला, कोणाच्या झाकणाला तिसऱ्याच डब्याची कडी. शकुबाईच्या डब्याच्या कडीला तर लाल चिंधी बांधलेली होती, ती दुरून दिसायची. या पिशव्या म्हणजे एकाच गणवेशातली पाच पोरं.

तीन पिशव्या सरळ गेल्या. चौथीच्या चिठ्ठीवर शकुबाईचं नाव होतं. रहमतने चिमूट काढली आणि त्याचा हात जागच्या जागी थांबला. दाणा जाड, पांढराफटक, खडूसारखा. किराणा दुकानात प्लास्टिकच्या कट्ट्यांतून येते ती ज्वारी. शकुबाईच्या घरची गावरान ज्वारी तो तीस वर्षं दळत होता. शकुबाईचं गाव लोहाऱ्याच्या पलीकडे. गावात दोन चक्क्या होत्या, तरी तिला रहमतच्याच दगडाचं पीठ लागे, म्हणून तिचा नवरा बबनराव दर बाजाराला डबा घेऊन यायचा. त्या वावरातला दाणा बारीक, पिवळसर झाक असलेला, दाढेखाली कडक. झोपेतून उठवून हातावर ठेवला तरी रहमतने ओळखला असता.

त्याने पाचवी पिशवी उघडली. चिठ्ठीवर नाव विमलताईंचं, आणि आत शकुबाईचा दाणा!

रहमतला हसूच आलं. पोरांनी चिठ्ठ्या उलटसुलट बांधल्या होत्या. विमलताई म्हणजे पलीकडच्या कॉलनीतल्या निवृत्त मुख्याध्यापिका. घरी घरघंटी, त्यामुळे रहमतच्या चक्कीची पायरी त्यांनी कधी चढलेली नव्हती. कॉलनीतली बाई दुकानातूनच ज्वारी आणणार, यात शंका कसली? फोन करावा का, असं एकदा त्याच्या मनात आलं. पण चूक दिसते आहे, दुरुस्ती हातात आहे, मग पोरांना कशाला लाजवा? त्याने दोन्ही दोरे सोडले, चिठ्ठ्यांची अदलाबदल केली, गाठी पक्क्या मारल्या आणि दळायला घेतलं. करायला गेला गणपती आणि झाला मारुती, म्हणतात ते असं. फक्त मारुती झालाय हे कळायला रविवार उजाडावा लागला.

रविवारी मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. रहमत धुतलेला कुडता घालून पुढच्या खुर्चीवर बसला होता. शेजारी इमरान, सुट्टी होती म्हणून आलेला. फलक वर्तमानपत्रात गुंडाळून मंचाच्या मागे टेकवला होता. रहमतने तो येता येताच पाहून ठेवला होता. शकुबाई सकाळच्या एसटीने उमरखेडहून थेट मैदानावर उतरली. लेकीच्या बाळंतपणासाठी ती दोन महिने तिकडेच होती. घरी अजून गेलीच नव्हती. पिशवी बबनरावांनी दिली होती. ते मागे, गर्दीत उभे होते.

शकुबाईने पिठात गरम पाणी घातलं, मळलं, परातीत गोळा ठेवला आणि थापायला सुरुवात केली. दोन थापांतच तिचा चेहरा उजळला. "अवो माय," ती बाजूच्या बाईला म्हणाली, "दोन महिने लेकीच्या घरचं पीठ थापून हात रुसले होते. आता कसे घरी आल्यावानी वाटून राह्यले." भाकर अशी गोल सुटली की लोकांनी टाळ्या वाजवल्या. तव्यावर ती टम्म फुगली.

शेजारच्या चुलीवर विमलताईंची दैना चालली होती. गोळा थापला की काठाला चिरा. पाणी लावलं, पुन्हा चिरा. उचलायला गेल्या तर अर्धी भाकर हातात आणि अर्धी परातीत. समोर त्यांचे दहा-वीस जुने विद्यार्थी बसलेले, आणि बाई आयुष्यात पहिल्यांदा नापास होत होत्या.

शकुबाईचा पहिला नंबर आला. लोखंडी तवा बक्षीस. परीक्षक म्हणाले, या भाकरीला आपल्या मातीची चव आहे. टाळ्या चालल्या असताना रहमतचं लक्ष बबनरावांकडे गेलं. बायकोला बक्षीस मिळालेल्या नवऱ्याचा तो चेहरा नव्हता. लॉटरी लागावी आणि आपण तिकीट घेतल्याचंच आठवू नये, असा तो माणूस बघत होता.

तेवढ्यात विमलताई उठल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या. वहीत चूक सापडल्यावर शांत होतात तशा शांत होत्या. शकुबाईच्या भाकरीचा एक तुकडा त्यांनी मोडून खाल्ला, नीट चावला आणि म्हणाल्या, "सुरभी, हे पीठ माझं आहे."

"तुमचं कसं होईन?" शकुबाईने हात पदराला पुसले. "मी थापलं ना. माझ्या वावरातली ज्वारी मले समजत नाही काय?"

"तुमच्या शेतातली असेल. पण मी संक्रांतीपासून हीच ज्वारी खाते आहे. गटाकडूनच घेतली. ही चव मला पाठ आहे. आणि मी जे थापलं ते माझ्या घरचं नव्हे."

सुरभी गोंधळली. "थांबा, थांबा. विमलताई, गटाची ज्वारी बबनकाकांच्याच वावरातली आहे. म्हणजे दोन्ही पिशव्यांत एकच ज्वारी असायला पाहिजे. मग एक भाकर फुगली आणि एक फाटली कशी?"

"हो, दोन पोती विकाले मीच सांगून गेलती," शकुबाई म्हणाली. "एकच ज्वारी आहे त मंग घोळ कुठं झाला?"

आता प्रश्न उरला एकच आणि तो सगळ्यांच्या डोळ्यांत दिसला. ज्वारी एक, हात कसलेले, मधे फक्त चक्की. मैदानावरच्या माना एकेक करून रहमतकडे वळल्या.

रहमतच्या डोक्यात दगड फिरायला लागले, पण दाणा काही पडेना. विमलताईंची ज्वारी बबनरावांच्या वावरातली? मग पाचव्या पिशवीची चिठ्ठी बरोबरच होती. मग चौथीतला तो जाड दाणा? तो आपण खरंच पाहिला का? पाहिला, दाढेखाली धरला. की तो आदल्या दिवशीच्या दुसऱ्याच कोणाच्या डब्यातला? चिठ्ठ्या बदलल्या हे नक्की. पण दळायच्या आधी बदलल्या, की दळून झाल्यावरही पुन्हा एकदा? चष्मा डोळ्यांवर होता की कपाळावर? त्याला आपल्याच हातांचा भरवसा वाटेना, आणि असं त्याला याआधी कधी वाटलं नव्हतं.

तरी तो उठला. "चिठ्ठ्या म्या बदलल्या," तो म्हणाला.

"तुम्ही? कशाला चाचा?" सुरभीचा आवाज बारीक झाला. "मी स्वतः तपासल्या होत्या."

"मले वाटलं चुकल्या. कारन शकुबाईच्या पिशवीत..."

आणि तो थांबला. गर्दीच्या डोक्यांवरून त्याला बबनराव दिसले. त्यांनी दोन्ही हात छातीशी जोडले होते आणि मान हळूहळू हलवत होते. नाही, नाही. रहमतला सगळं कळलं नाही, पण एवढं कळलं की चौथ्या पिशवीतला दाणा त्याने खरंच पाहिला होता. आणि तो दाणा शकुबाईच्या घरून आला होता.

"पिशवीत काय?" सुरभीने विचारलं.

चारशे माणसांसमोर एका बाईला कसं सांगायचं, की तुझ्या घरात दुकानातली ज्वारी आहे आणि तुझ्या नवऱ्याला ते माहीत आहे? "काही नाही," तो म्हणाला आणि खाली बसला.

मग कुजबूज झाली. म्हातारपण आहे, म्हणाले. पलीकडे कोणी म्हणालं, दुकानची मिसळली असेल, चक्कीवाल्यांचं काय सांगावं. शकुबाईने तवा घेतला, पण असा धरला की जणू कोणी सांभाळायला दिलाय. फलक वर्तमानपत्रातच राहिला. इमरानने बापाच्या खांद्यावर हात ठेवला, "घर चलो, अब्बा." रागावून म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो फार प्रेमाने म्हणाला.

रहमत घरी गेला नाही. मैदानामागच्या चहाच्या टपरीवर बबनराव पाठमोरे बसलेले त्याला दिसले आणि तो जाऊन समोर बसला.

"बोला," रहमत म्हणाला.

बबनराव चहाच्या पेल्याशी बोलायला लागले. "दोन पोती विकाचं ठरलं होतं, रहमतभाई. सुरभीनं नेली. मंग लोकच वावरात येऊ लागले. गाड्या घेऊन. कोनी फोटो काढे, कोनी दाना हातात घेऊन डोळे मिटे. एका डॉक्टरनं त कोठीले नमस्कार केला. उभ्या जल्मात मले कोनं विचारलं नाही का बबनराव, तुमी काय पिकवता? अन् आता हात जोडून मांगून राह्यले त नाही कसं म्हनू? कोनाले पाच किलो, कोनाले दहा. एक दिवस कोठीत टोपलं घातलं त तळ वाजला."

"घरचं खायाचंबी गेलं?"

"गेलं. मंग दुकानातून कट्टे आनले अन् कोठी भरून ठेवली. शकू येईन त भरलेली दिसन. इतक्यात सुरभीनं तिले फोन करून स्पर्धेत नाव टाकलं. पिशवी मांगाले पोट्टे दारात आले. होती थेच देल्ली." त्यांनी पेला खाली ठेवला. "अन् आज भाकर फुगली त मी हैरान! म्हटलं, दुकानच्या ज्वारीले एवढी चव आली कुठून?"

रहमतला हसावं की रडावं कळेना. त्याने चूक दुरुस्त केली होती, आणि ती चूकच नव्हती. शकुबाईला तिच्याच वावरातली ज्वारी दिली होती, आणि ती तिची राहिलेली नव्हती. विमलताईंनी विकत घेतलेलं त्यांच्याकडून काढून घेतलं होतं. मग एकाचं पीठ दुसऱ्याच्या डब्यात गेलं की नाही गेलं?

"तिले सांगू नका," बबनराव म्हणाले. "एक महिना थांबा. कुठून तरी गावरान पाहातो."

"अन् माझं?"

"तुमाले कोन काय म्हनते? वय झालं म्हनतीन. बस."

बबनराव मनाने वाईट नव्हते. पण सुरी कुठे लागते हे धरणाऱ्याला कळतंच असं नाही. 'वय झालं' हे दोन शब्द चुकवण्यासाठी रहमत वर्षभर धडपडत होता, आणि मित्राने ते चहाबरोबर त्याच्यासमोर ठेवले. तो चहा न पिता उठला.

बोलावं तर एका घरात आग लागणार. न बोलावं तर आपण खुळे ठरणार, आणि भेसळ करणारेही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. संध्याकाळी उजेड असतानाच त्याने चक्कीचं दार उघडलं, पट्टा उतरवला आणि खुंटीला टांगला. निदान एवढं तरी स्पष्ट होतं. कोणत्या का कारणाने असेना, विमलताईंच्या नावाचं पीठ शकुबाईच्या परातीत गेलं होतं, आणि तो बोलल्याप्रमाणे वागला होता. इमरान आला. पट्ट्याकडे बघत बराच वेळ उभा राहिला. वर्षभर त्याला हेच हवं होतं. पण "अच्छा किया" असं म्हणायला त्याची जीभ रेटली नाही.

सोमवारी सकाळी रहमत सवयीने चक्कीत जाऊन बसला. काय करायचं ते माहीत नव्हतं म्हणून ओटा झाडत होता. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी ऑटो थांबला आणि लाल चिंधीचा डबा आधी उतरला, मग शकुबाई.

"दळून द्या," तिने डबा ओट्यावर आदळला.

"पट्टा उतरवला, वहिनी."

"दिसते मले. काहून?"

"बोललो होतो ना. एकाचं पीठ दुसऱ्याले गेलं. म्हनून उतरवला."

शकुबाई ओट्यावर बसली. डब्याचं झाकण काढलं, मूठभर ज्वारी घेतली, रहमतचा हात पुढे ओढला आणि त्याच्या तळव्यावर ओतली. "हे कोनाच्या वावरातलं व्हय?"

न बघताच त्याला कळलं होतं. जाड, पांढराफटक. चिमण्या येऊन बसल्या होत्या, त्यांना वाटलं आपला घास.

"सांगा ना. तीस वर्सं पाह्यल्याबरोबर सांगत आले. आज काय झालं?"

उत्तर तयार होतं. 'आता वळखू येत नाही, वहिनी, वय झालं.' एवढं म्हटलं की बबनरावांची अब्रू राहत होती, इमरानचं म्हणणं खरं होत होतं, सगळ्यांचंच भागत होतं. रहमतने तोंडही उघडलं. पण दाण्याबाबत खोटं बोलायची जिभेला सवयच नव्हती. त्याला स्वतःचा रागही आला आणि कीवही.

"हे तुमच्या वावरातलं नाही," तो म्हणाला. "दुकानातलं आहे. अन् शुक्रवारी तुमच्या नावाच्या पिशवीतबी हेच होतं. म्हनून म्या चिठ्ठ्या बदलल्या. मले वाटलं, पोट्टे चुकले."

शकुबाईने मोठा श्वास सोडला. "काल घरी गेली, कोठीचं झाकन उघडलं, तवाच दिसलं मले. मी काय आंधळी व्हय? गाड्या घेऊन लोक आले, फोटो काढून ज्वारी घेऊन गेले, थे शेजारनीनं सांगतलं. घरच्याले अजून काही विचारलं नाही. म्हटलं, पयले रहमतभाईले विचारतो. तुमी खोटं बोलले असते त कोनाचाच भरवसा उरला नसता."

तिने डब्यातली ज्वारी बोटांनी वरखाली केली.

"म्हंजे काल मले बक्षीस भेटलं, थे विमलताईच्या पिठावर," ती म्हणाली.

"पीठ त्याइचं. वावर तुमचं. हात तुमचे. कालपासून इचार करून राह्यलो, कोनाचं म्हनावं थे समजून नाही राह्यलं."

"मलेबी नाही समजलं. तवा देऊन आली त्याइले सकाळीच. घेतच नव्हत्या. उलट राह्यलेली ज्वारी पुढं केली, म्हने, घेऊन जा, तुमचीच आहे. म्या नाही आनली. विकलेलं वापस कसं घ्याचं?" ती डब्याच्या चिंधीची गाठ आवळत म्हणाली, "बियानं तेवढं राखेच्या मडक्यात घालून ठेवलं होतं म्या. त्याचा पत्ता घरच्याले नव्हता, म्हनून वाचलं. नाही त थेबी कोनी फोटो काढून नेलं असतं."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते पडू द्यायचा तिचा विचार दिसत नव्हता.

"चुकले त तुमी चुकलेच," ती एकदम म्हणाली. "दुसऱ्याचं पीठ मले देल्लं."

"म्हनून त पट्टा उतरवला."

"हो, उतरवला. पन माझ्या घरच्यानं माझं दुसऱ्याले देल्लं, त्याचा पट्टा कोन उतरवते?"

छत्तीस वर्षांत असा हिशोब रहमतच्या ओट्यावर कोणी आणला नव्हता.

"लावा तो पट्टा," शकुबाई म्हणाली. "पुढच्या दिवाळीपर्यंत हेच खायाचं आहे आमाले. दाना त गेलाच, निदान दगड त आपला असू द्या."

रहमतने खुंटीवरून पट्टा काढला. चढवला, आणि तो बरोबर जागी बसला. त्याने तळव्यावरची ज्वारी ओट्यावर टाकली. चिमण्यांनी ती गावरान असल्यासारखीच खाल्ली. मोटर सुरू झाली, दगड बोलायला लागले, आणि अर्ध्या तासात डबा गरम पिठाने भरला.

झाकण लावल्यावर त्याने खिशातून पेन्सिल काढली. शुक्रवारच्या घोळानंतर नुसत्या चिंधीवर विसंबायची त्याची हिंमत नव्हती. कागदाचा तुकडा गुडघ्यावर धरून त्याने विचारलं, "नाव टाकतो. शकुबाईच टाकू ना?"

शकुबाईने डबा कमरेवर घेतला.

"बबनराव टाका," ती म्हणाली. "माझ्या नावाचं विकून झालं."